जाळीचं दार

४ फेब्रुवारी

आशीर्वाद लिहीत नाही. तू घेणार नाहीस आणि मलाही आत्ता द्यावासा वाटत नाही. फोन लावला तर नंबर बंद लागतो, म्हणून तुझ्या बाईंडिंगच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिहितेय. मालकांनी पत्र तुझ्या हातात दिलं तर ठीक, नाही दिलं तर निदान माझ्या डोक्यातून उतरलं म्हणेन.

तुझ्या कोंबड्यांचं काय करायचं ते सांग. ‘तुझ्या’ म्हणते, कारण सहाच्या सहा तू आणल्यास, तू माजवल्यास आणि घर सोडताना माझ्या गळ्यात मारून गेलीस. अंडी आता आठवड्याला चार-पाच, तीसुद्धा उपकार केल्यासारखी. म्हणून मी महिन्यापूर्वी दहा पिल्लं आणली. स्वयंपाकघरात खोक्यात ठेवली, वर बल्ब सोडला, हातानं भरड चारली. चांगली टुणटुणीत झाली. काल खुराड्याचं दार उघडून घेतलं आणि सोडली त्यांना आत.

ती काळी, जिला तू ठेकेदारीण म्हणायचीस, तिनं एकाला पायाखाली धरलं आणि डोक्याची कातडी ओढून काढली. बाकीच्या पाचजणी कोपऱ्यात उरलेल्यांच्या मागे. मी पदरात भरभरून बाहेर काढली. सगळी जिवंत आहेत, पण त्या एकाचं डोकं बघवत नाही. अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढली, चाळीस बायका माझ्या एका हाकेवर उभ्या राहायच्या, आणि या सहाजणी मला हिंग लावून विचारत नाहीत.

तू गेल्या वर्षी पिल्लं मोठ्या कोंबड्यांत कशी मिसळणार होतीस? जाळी बांधली होतीस एवढं आठवतं. पुढे काय करायचं असतं ते लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

सासू


९ फेब्रुवारी

आई म्हणू की सासूबाई, हे ठरेना, म्हणून काहीच न म्हणता सुरू करते.

तुमचं पत्र चिकटवलेल्या पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली दोन दिवस पडून होतं. वाचून पहिल्यांदा वाटलं, फाडून टाकावं. माझ्या वकीलबाईंनीही बजावलंय की त्या घरातल्या कुणाशी लिहिण्याबोलण्याचा संबंध ठेवू नको. पण त्या पिल्लानं माझं काय वाकडं केलंय? म्हणून लिहिते, नीट वाचा.

जखमी पिल्लू आधी वेगळं करा. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं पुसा आणि वर जांभळं औषध लावा. लाल दिसलं की कोंबडी परत तिथंच टोचते, जांभळ्यावर सहसा टोचत नाही.

खुराड्यातली मधली जाळी काढली असेल तर तिच्या दारासकट परत बांधा. पिल्लं एका बाजूला, कोंबड्या दुसऱ्या. एकमेकांना बघू दे, ऐकू दे, पण चोच पोचता कामा नये. असं कमीत कमी चार आठवडे. पिल्लं निम्म्याहून मोठी झाल्याशिवाय घाई करू नका. मग दोन ठिकाणी दाणा, दोन ठिकाणी पाणी ठेवायचं. एक खोका उपडा घालून त्याला एवढंच भोक पाडा की पिल्लू आत शिरेल, कोंबडी शिरणार नाही. मोठ्यांची भरड पिल्लांना चालत नाही, त्यात चुना जास्त असतो. सगळ्यांनाच पिल्लांचं खाणं द्या आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा टांगा. ठेकेदारीण फारच माजली तर तिला चार दिवस बाहेर टोपल्याखाली ठेवा. परत आत येते तेव्हा तिची तीच नवी झालेली असते.

आणि शेवटची गोष्ट. या वेळी मधलं दार उघडू नका. गेल्या मार्चमध्ये तुम्ही ते उघडलंत आणि माझी चौदातली अकरा पिल्लं गेली. कामावरून आले तर पिसं उडत होती. तुम्ही ओसरीत वाटाणे सोलत बसला होतात. एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. अकरा महिने ते गिळून बसलेय, आज लिहून टाकलं.

तुमची कोण, ते तुम्हीच ठरवा


१३ फेब्रुवारी

अगं, जीभ झडेल की तुझी! मी दार उघडलं?

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. जाळी बांधली, औषध लावलं, तुझं सगळं ऐकलं, आणि शेवटी हे? दार तू उघडं टाकून गेलीस. सगळ्या घराला माहीत आहे, सगळ्या नात्यात माहीत आहे. घाईघाईनं कामावर पळालीस आणि खिट्टी लावायची विसरलीस. तू तेव्हा सगळंच विसरायचीस. गॅस चालू ठेवायचीस, किल्ली हरवायचीस, नळ सोडून जायचीस.

मी तर त्या सकाळी घरात नव्हतेच. तू गेलीस आणि पाच मिनिटांत शेजारीण आली, तिच्या भावाची गाडी निघाली होती म्हणून तिच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दुपारी तुझ्या नवऱ्यानं येऊन मला घरी आणलं. वाटेत म्हणाला, “आई, तिनं दार उघडं टाकलं आणि पिल्लं मेली. तू तिला काही बोलू नकोस, आधीच तिचं डोकं ठिकाणावर नाही.” म्हणून बोलले नाही. वाटाणे सोलत बसले, कारण तोंड उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं. त्याला तू आता माझा गुन्हा म्हणतेस!

आणि ती खिट्टी मला उघडते तरी का? आतल्या-बाहेरच्या दोन्ही दारांना मोटारीतली स्प्रिंग काढून बसवलीय त्यानं. धुलाईखान्यानं माझ्या बोटांची जी वाट लावली ती तुला ठाऊक आहे. अंडी काढायची तरी मला हाक मारावी लागते. या खेपेला पिल्लं सोडली तेव्हाही बाहेरचं दार त्यानंच उघडून दिलं.

तुला टोचून बोलले असेन, नाही म्हणत नाही. नव्या माणसाला थोडं सोसावं लागतं. मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूनं दोन वर्षं मला चुलीपाशी उभं केलं नाही. मी काही ट्रंक उचलून चालती झाले नाही. जागा मिळवावी लागते.

पिल्लं दहाच्या दहा आहेत. ते सोललेल्या डोक्याचंसुद्धा खायला लागलंय. तुला सांगायचं कारण नाही, तरी सांगते.

सासू


१८ फेब्रुवारी

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा नुसती संतापले. चौथ्यांदा एका पुठ्ठ्यावर त्या सकाळच्या वेळा मांडल्या.

त्या संध्याकाळी तुमच्या मुलानं मला काय सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिते. “आई दिवसभर घरातच होती. झाडायला म्हणून तिनंच उघडलं असणार. तिला विचारू नकोस, म्हातारी आहे, मनाला लावून घेईल.”

तुम्ही घरात नव्हता हे मला आज कळतंय. ती खिट्टी तुम्हाला उघडत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, पण माणूस रागात असला की त्याला माहीत असलेलंही दिसत नाही. आता तुम्ही सांगा. मी नऊला गेले, तुम्ही नऊ वाजून पाच मिनिटांनी गेलात. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अकराला उघडतं. घरात कोण होतं?

मी विसरायचे म्हणता? माझ्याकडे एक वही आहे. कारखान्यातल्या कापून उरलेल्या कागदांची मीच शिवलेली. त्या घरातल्या शेवटच्या पाच महिन्यांत मी रोज तिच्यात लिहायचे. ‘गॅस बंद, ८.४०.’ ‘किल्ली खुंटीला, ८.४५.’ ‘जाळीची खिट्टी लावली, ओढून बघितली, ८.५०.’ संध्याकाळी आले की गॅस चालू असायचा, किल्ली पिठाच्या डब्यात सापडायची, आणि तो तुमच्यादेखत हसून म्हणायचा, “बघ, परत विसरलीस.” तुम्ही मान हलवायचात. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला वाटायला लागलं की मला वेड लागतंय. मी पिल्लांसाठी घर सोडलं नाही. स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही म्हणून सोडलं. इथे आल्यापासून माझी एकही किल्ली हरवलेली नाही. कापायच्या यंत्रावर काम करते, बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत.

आणि जागा मिळवायचं म्हणता, तर ऐका. कोंबडी टोचते ती आपली जागा दाखवायला, आणि दाखवून झालं की सोडते. पण रक्त निघालं की पाळणाऱ्या माणसानं मध्ये हात घालायचा असतो. कोंबड्यांत तुम्ही घातलात, पदरात भरून पिल्लं बाहेर काढलीत. माझ्या वेळी तुम्ही मान हलवलीत. तुमच्या सासूनं तुम्हाला छळलं म्हणजे मला छळायचा परवाना मिळाला का तुम्हाला?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पण पिल्लांवर लक्ष ठेवा. स्वतः ठेवा.


२० मार्च

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत टाकलं. म्हटलं, पोरगी माझ्या मुलावर आळ घेते. महिनाभर लिहिलं नाही ते त्या रागानं.

मध्ये माझ्या उजव्या डोळ्याचा मोतिबिंदू काढला. शेजारीण घेऊन गेली. याला दुकानातून वेळ नव्हता. त्याच दिवसांत माझा चष्मा हरवायला लागला. एकदा पाण्याच्या टाकीवर सापडला, एकदा तांदळाच्या डब्यात. गोळ्यांची पुडी उशाखाली ठेवलेली, ती मोरीत भिजलेली. मग माझ्या नणंदेचा फोन आला, “वहिनी, तुझं हल्ली लक्ष राहत नाही म्हणे. कागदपत्रं पोराच्या हवाली कर बाई.” मी विचारलं, कोण म्हणालं? म्हणाली, पोरगाच काळजीनं सांगत होता.

तेव्हा तुझं जळलेलं पत्र मला पाठ असल्यासारखं ओळीनं आठवलं.

मी कुणाला काही बोलले नाही. रोज सकाळी न्हाणीघराच्या खिडकीशी उभी राहायला लागले. तिथून खुराडं समोर दिसतं. पिल्लं चांगली वाढली होती. जाळीपलीकडून ठेकेदारीण नुसतं बघायची, टोचायचं तिनं सोडलं होतं. आणखी आठवडाभरानं दार काढायचं असं मी मनाशी धरलं होतं.

परवा सकाळी पावणेदहाला हा बाहेर आला. आदल्या दिवशी मी त्याला घराच्या कागदांवर सही द्यायला नाही म्हटलं होतं. खुराड्यात वाकून शिरला. मधली खिट्टी दाबली, दार उघडलं आणि पिल्लांना पायानं पलीकडे लोटलं. चुकून लागला पाय असं नाही. एकेक करून लोटलं. मग हात खिशात घालून उभा राहिला आणि बघत बसला. चेहऱ्यावर राग नव्हता गं. राग असता तर समजले असते. बस यायची वाट बघतो ना माणूस, तसा उभा होता.

मी खराटा घेऊन धावले. तोवर दोन मेली होती, एकाचा पंख लोंबत होता. मोठ्या कोंबड्या सगळ्या बिथरल्या होत्या. मी मध्ये बसले, अक्षरशः खाली मातीत बसले, आणि पिल्लं माझ्या मागे घेतली. माझ्या हातांवर चोचींच्या खुणा आहेत. हा तोवर घरात जाऊन हात धुऊन आला आणि दारातून म्हणाला, “आई, दार उघडं टाकलंस वाटतं.”

मी म्हटलं, “मी बघितलं तुला.”

हसला. “तुला हल्ली दिसतं कुठे?”

“ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले,” मी म्हटलं. “मला तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतंय.”

मग त्याचं तोंड उतरलं. मग ओरडला. मग रडला. मग म्हणाला, तुझी औषधं कोण आणणार आहे. मीच त्याला असं वाढवलं का, ते मला माहीत नाही. घर माझ्या नावावर आहे. त्याची गादी, पेटी आणि पंखा मी ओसरीत काढून ठेवला. संध्याकाळी दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला.

माझं चुकलं असं लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. जे लिहिते ते खोटं वाटतं. पंख तुटलेल्याला काय करू, एवढं सांग.


२५ मार्च

पंख अंगाला लागून जसा मिटतो तसा मिटवा आणि मऊ कापडाच्या पट्टीनं बांधा. पट्टी छातीवरून घ्या, पण आवळू नका, श्वास घेता आला पाहिजे. दोन आठवडे वेगळ्या खोक्यात. दाणा-पाणी तोंडाजवळ ठेवा. बाकीची सात परत जाळीआड. सगळ्यांचीच धास्ती गेली पाहिजे, म्हणून अजून दहा दिवस थांबा. नंतर दिवेलागणीला, कोंबड्या दांडीवर बसल्या की पिल्लं एकेक उचलून त्यांच्या शेजारी बसवा. सकाळी उठतात तेव्हा बऱ्याचदा भांडण मिटलेलं असतं. कोंबड्यांचं तरी.

आता माझं. तुमचं पत्र वाचून मी रडेन असं वाटलं होतं. नाही रडले. पुठ्ठा कापायचा होता, तो कापला, आणि प्रत्येक पुठ्ठ्याबरोबर राग वाढत गेला. माझा शब्द, माझी वही, माझी अकरा पिल्लं, यातलं काहीच तुम्हाला पुरलं नाही. तुमचा चष्मा तांदळात सापडला तेव्हा तुम्हाला दिसलं. तुमच्यावर आलं नसतं तर तुम्ही जन्मभर मान हलवत बसला असतात. हे कडू आहे, पण खरं आहे, आणि मी ते गोड करून लिहिणार नाही.

तुम्ही तीन कागद फाडलेत म्हणता. मला तुमची माफी कागदावर नकोच आहे. वर्षभर तुम्ही आत्याबाईंना, थोरल्या जाऊबाईंना, माझ्या आईला, सगळ्यांना सांगितलंत की पोरगी बेजबाबदार, डोकं ठिकाणावर नाही. माझ्या आईनं ते ऐकून मला घरात घेतलं नाही. म्हणून मी कारखान्याच्या वरच्या खोलीत राहते. आणि घटस्फोटाच्या दाव्यात त्यानं कोर्टात जे लिहून दिलंय त्यात तुमचं नाव आहे. ‘माझी आई याला साक्षी आहे.’ हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

पुढची तारीख २२ एप्रिल. तुम्हाला काही वाटत असेल तर तिथे येऊन बोला. ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना कळवा. नाही जमलं तर परत कोंबड्यांबद्दलही मला विचारू नका.


८ एप्रिल

कोर्टात माझं नाव घातलंय हे मला माहीत नव्हतं. मला विचारलं असतं तर गेल्या वर्षी मी ‘हो’च म्हटलं असतं, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणून मी सुटत नाही.

सगळ्यांना लिहिलं. पाच पत्रं. नणंदेला, थोरल्या सुनेला, दोन दिरांना आणि तुझ्या आईला. तुझ्या आईचं लिहायला सगळ्यात वेळ लागला. नणंदेचा फोन आला, म्हणाली, “घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडतेस?” मी म्हटलं, “सुनेची मांडली तेव्हा तू चहा घेऊन ऐकत होतीस.” तिनं फोन आपटला. दिरांचं उत्तर नाही. तुझ्या आईनं एकच ओळ लिहिलीय, ती तुलाच यायला हवी होती, म्हणून सोबत जोडलीय. मी वाचली, त्याबद्दल रागावलीस तर रागाव.

तो दोनदा येऊन गेला. एकदा गोड बोलायला, एकदा दारावर लाथ मारायला. दुसऱ्या वेळी शेजारणीचा भाऊ बाहेर येऊन उभा राहिला. कोर्टात मी काय बोलणार हे त्यानं विचारलं. मी सांगितलं. तुलाही लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कुणी जिन्यात गाठून रडलं, पाया पडलं, तरी मला शब्द फिरवता येणार नाही.

मी सांगेन की गेल्या मार्चमध्ये ती नऊ वाजता कामावर गेली आणि तिच्यामागोमाग मी गेले. घरात माझा मुलगा एकटा होता. मधल्या दाराची खिट्टी मला उघडता येत नाही, हवं तर बोटं बघा. त्यानं मला एक सांगितलं आणि बायकोला दुसरं. यंदा अठरा मार्चला मी त्याला दार उघडताना आणि पिल्लं पायानं लोटताना या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या सुनेचं डोकं ठिकाणावर आहे. घरात कोण खोटं बोलतं हे मला आधी दिसलं असतं, पण मी बघितलं नाही, कारण मुलगा माझा होता आणि ती बाहेरून आलेली होती. हे शेवटचं वाक्य कुणी विचारणार नाही. तरी बोलेन.

तुझा राग जाऊ नये असं मला वाटतं. तो माझ्याजवळही आहे आणि त्याच्यावरच मी हल्ली उभी आहे.

परवा संध्याकाळी शेजारणीनं खिट्ट्या उघडून दिल्या आणि मी सात तलंगा दांडीवर बसवल्या. पिल्लं म्हणवत नाहीत आता. ठेकेदारीण एकदा गुरगुरली आणि मान पिसांत घालून बसली. पंखवालीची पट्टी अजून पाच दिवस.

बावीसला पहिल्या बसनं येते. घ्यायला येऊ नकोस, मला रस्ता विचारता येतो. कोर्टाच्या बाकावर माझ्या शेजारी बसलीस तर बरं वाटेल. नाही बसलीस तरी मी बोलणार आहे.

त्याची आई